इंटरनेटवांचून संगणकांतील विषाणूंचें निर्मूलन

दूध-संस्था, सोसायट्या व मोठे गोठे यांचे हिशेब आतां बहुतेक ठिकाणीं संगणकावर ठेवले जातात. चोपडीस वाळवी लागते हें आपण सर्व जाणतों. संगणकांतील हिशेबासहि एक प्रकारची कीड लागते. तिला व्हायरस अथवा विषाणु म्हणतात. हा कोणी जीव नव्हे. दुसऱ्याच्या यंत्रांत चोरून शिरणारा व स्वतःच्या नकला काढणारा तो एक लहानसा प्रोग्राम होय.

जेथें इंटरनेट नाहीं तेथें विषाणूचें भय नाहीं, असा कित्येकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. लाहोर येथील दोघां भावांनीं १९८६ सालीं केलेला ‘ब्रेन’ नांवाचा विषाणु फ्लॉपीवरून देशोदेशीं पसरला. त्या काळीं सामान्य लोकांच्या हातीं इंटरनेट नव्हतें. पुढें १९९० नंतरच्या दशकांत पुण्यास कैलास व संजय काटकर या बंधूंनीं ‘क्विक हील’ हें विषाणुनाशक सॉफ्टवेअर बाजारांत आणलें. फ्लॉपी गेली, आज तिचें काम पेनड्राइव्ह करतो.

उपाय कोणत्या क्रमानें करावा, हें समजण्यास गोठ्याचें उदाहरण पुरे आहे. मुंबईंतील गोरेगांवाजवळची आरे कॉलनी १९४९ सालीं स्थापन झाली व शहराच्या दाट वस्तींतील म्हशी तेथें हलविण्यांत आल्या. हजारों जनावरें एकत्र असलीं म्हणजे लाळ्याखुरकुतासारख्या सांथीचा धोका मोठा. म्हणून आजारी जनावर आधीं वेगळें बांधावें, मग औषध द्यावें, आणि गव्हाण स्वच्छ केल्यावांचून तेथें दुसरें जनावर बांधूं नये, हा गोठेवाल्याचा नियम आहे. संगणकासहि हाच क्रम लागू पडतो.

समजा, आरेंतील एखाद्या गोठ्याच्या कचेरींत सकाळीं दुधाच्या हिशेबाचे फोल्डर दिसेनासे झाले व त्यांच्या जागीं लहान बाण असलेलीं चित्रें दिसूं लागलीं. अशा वेळीं घाबरून सर्व कांहीं पुसून टाकूं नये. प्रथम जाळ्याची तार काढावी, वायफाय बंद करावें आणि लावलेले पेनड्राइव्ह काढून वेगळे ठेवावेत. हिशेबाची राखीव नकल असलेली डिस्क तर या यंत्रास मुळींच लावूं नये. लावल्यास निरोगी जनावर आपण होऊन रोग्याजवळ बांधल्यासारखें होईल.

नंतर औषध आणावें, तें निरोगी संगणकावरून. जेथें इंटरनेट आहे अशा ठिकाणीं विषाणुनाशक तयार करणाऱ्या कंपनीची ‘रेस्क्यू डिस्क’ सीडीवर किंवा कोऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी व तिच्यावरूनच रोगी संगणक सुरू करावा. याचें कारण असें कीं, नेहमींच्या रीतीनें यंत्र सुरू केल्यास विषाणूहि जागा होतो व तपासणाऱ्याचेच हात बांधतो. बाहेरील डिस्कवरून सुरू केल्यास तो निद्रिस्त राहतो. विंडोज १० व ११ यांत ‘डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ ही सोय मूळचीच आहे. मात्र तिची विषाणूंची यादी जुनी असल्यास नवी यादी मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून पेनड्राइव्हवर आणावी लागते. याच कंपनीचें ‘सेफ्टी स्कॅनर’ उतरवून घेतल्यापासून १० दिवसच चालतें. तेव्हां तें ताजेंच आणावें.

तपासणी संपूर्ण डिस्कची करावी. सांपडलेल्या फाइली एकदम नष्ट न करतां ‘क्वारंटाइन’मध्यें, म्हणजे कोंडवाड्यांत, ठेवाव्या. बाणाच्या चित्रांच्या प्रकारांत मूळ हिशेब बहुधा नष्ट झालेला नसतो, केवळ लपविलेला असतो. विषाणु काढल्यावर लपलेल्या फाइली दाखविण्याची सोय चालू केली म्हणजे तो परत दिसतो.

यानंतर कचेरींतील प्रत्येक पेनड्राइव्ह तपासावा. हेंच काम पुष्कळ वेळां राहून जातें आणि आठ दिवसांनीं रोग पुन्हां उद्भवतो. औषध नेलेला पेनड्राइव्हहि पुसल्याशिवाय निरोगी यंत्रास लावूं नये.

एका प्रकारावर मात्र औषध चालत नाहीं. कांहीं विषाणु फाइलींस कुलूप लावून खंडणी मागतात. विषाणु काढला तरी कुलूप निघत नाहीं, आणि पैसे भरूनहि किल्ली मिळेल याची हमी नाहीं. जून २०१७ मध्यें ‘नॉटपेट्या’च्या हल्ल्यानें न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका टर्मिनलचें काम विस्कळित झालें. एवढ्या मोठ्या बंदराची ही गत, तर आपल्या कचेरीचें काय? यास्तव आठवड्यांतून एकदां हिशेबाची नकल वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क यंत्रापासून सोडवून कपाटांत ठेवावी. बियाणें राखून ठेवणाऱ्या शेतकऱ्यास याहून अधिक सांगणें नलगे.