वासराच्या बेंबीवरची गाठ

वणी तालुक्यातील राजूर म्हटले की कोळशाची खाण आठवते. पण तिथल्या शाळांतही गोठा असलेल्या घरांतून मुले येतात. वासराच्या बेंबीवरचा मऊ फुगवटा त्यांपैकी काहींनी पाहिला असेल. गळू समजून असा फुगवटा कोणी ब्लेडने फोडायला जातो. तो हर्निया असेल, तर आत पू नसतो, आतडे असू शकते; ते कापले गेल्यास वासरू दगावते.

हर्निया होतो कसा? गर्भातल्या वासराला अन्न व प्राणवायू नाळेतून मिळतो. नाळेतील रक्तवाहिन्या पोटाच्या भिंतीतील एका छिद्रातून आत जातात. जन्मानंतर नाळ तुटते, वाहिन्या आकसतात आणि छिद्र बुजते. ते उघडेच राहिले, तर आतड्याचा किंवा चरबीच्या पडद्याचा भाग त्यातून कातडीखाली उतरतो. नाळेतील जंतुसंसर्गामुळे छिद्र बुजण्यात अडथळा येतो. काही वेळा हा दोष आनुवंशिक असतो.

वासराला अलगद उताणे करून फुगवटा हलकेच दाबला, तर साधा हर्निया आत जातो व छिद्राची कड बोटाला लागते. गळू गरम व दुखरे असते, ते आत जात नाही. कधी दोन्ही एकत्र असतात. म्हणून अंतिम निदान पशुवैद्यकानेच करावे.

एखादे बोट मावेल एवढे छिद्र पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप बुजते. मोठे असल्यास भूल देऊन, आतडे आत सारून, छिद्राच्या कडा टाक्यांनी जोडतात. विदर्भात या शस्त्रक्रियेचे शिक्षण १९५८ साली स्थापन झालेल्या नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात मिळते. फुगवटा एकाएकी कडक झाला, आत जाईना आणि वासराने दूध सोडले, तर आतडे छिद्रात आवळले गेले असे समजावे. रक्तपुरवठा तुटल्याने ते सडू लागते. अशा वेळी तासही महत्त्वाचे असतात.

जन्मताच नाळ टिंक्चर आयोडिनमध्ये बुडवली आणि जागा कोरडी ठेवली, तर संसर्ग टळतो. आनुवंशिक दोषाला मात्र हा उपाय चालत नाही. कृत्रिम रेतनात एका वळूचे वीर्य हजारो गाईंपर्यंत पोहोचते. मग शस्त्रक्रियेने बरा झालेला गोऱ्हा वळू म्हणून का ठेवू नये? आनुवंशिकतेचा धडा शिकवताना हा प्रश्न वर्गात अवश्य विचारावा.