टोकियोचं पत्र : हरलेल्या आंदोलनाचं गाणं

टोकियो : १५ जून ही तारीख इथं दोन कारणांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९६० साली त्या दिवशी जपानी संसदेच्या आवारात पोलीस आणि विद्यार्थ्यांची धुमश्चक्री उडाली. तीत टोकियो विद्यापीठाची बावीस वर्षांची विद्यार्थिनी मिचिको काम्बा मरण पावली. विरोध होता तो अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराला. नेमक्या तीन वर्षांनी, १५ जून १९६३ च्या यादीत, अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ने एका जपानी गाण्याला पहिला क्रमांक दिला. गायक होता एकवीस वर्षांचा क्यू साकामोतो. तीन आठवडे ते गाणं तिथून हललं नाही.

या दोन्ही घटनांशी संबंध असलेला माणूस म्हणजे गीतकार रोकुसुके ए. आंदोलनात तेही उतरले होते. नव्या करारानेही अमेरिकेचे लष्करी तळ जपानी भूमीवर राहणारच होते. पंतप्रधान नोबुसुके किशी यांनी १९ मेच्या मध्यरात्री, ठिय्या देऊन बसलेल्या विरोधी खासदारांना पोलिसांकरवी उचलून बाहेर काढलं आणि करार रेटून नेला. लोक भडकले. राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांचा जपान दौरा रद्द झाला, किशींची खुर्ची गेली. करार मात्र राहिला. तो आजही आहे.

पाठोपाठ आलेले पंतप्रधान हायातो इकेदा यांनी दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करण्याची योजना मांडली आणि देश कामाला लागला. मोर्चे संपले होते, पण मोर्चातून घरी परतलेल्यांच्या मनातली हार तशीच होती. ए यांच्या गाण्यात रात्री एकटाच चाललेला माणूस भेटतो. डोळ्यांतलं पाणी सांडू नये म्हणून तो वर बघत चालतो. दुःख कशाचं, ते गाणं सांगत नाही. एका अभिनेत्रीचं लग्न दुसरीकडे ठरल्यावर ए यांना हे सुचलं, अशीही एक हकिगत इथं सांगतात. गाण्यात दोन्हींना जागा आहे.

चाल हाचिदाई नाकामुरा यांची. मुखडा मराठी कानाला ओळखीचा वाटतो, कारण तो भूपाच्या स्वरांजवळून जातो. साकामोतो मात्र एल्विस प्रेस्लीच्या नकला करत पुढे आलेला रॉकबिली गायक. शब्द तोडत, उचकी दिल्यासारखे स्वर झटकत त्याने ते पहिल्यांदा गायलं, तेव्हा आपल्या शब्दांची टिंगल चाललीय असं वाटून ए संतापले होते. १९६१ मध्ये एनएचकेच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून आणि मग तबकडीवरून ते घराघरांत गेलं, आणि लोकांना नेमकी तीच गायकी आवडली. कडव्यांच्या मध्ये तो नुसती शीळ घालतो. रडू दाबणारा माणूस शीळ घालतोय, हे जपानी श्रोत्याला समजावून सांगावं लागत नाही.

परदेशात गाणं गेलं ते नाव बदलून. ब्रिटनच्या पाय रेकॉर्ड्सचे प्रमुख लुई बेंजामिन यांनी ते जपानमध्ये ऐकलं आणि केनी बॉल यांच्या जॅझ वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं. मूळ नाव ग्राहकांच्या जिभेवर बसणार नाही म्हणून त्यांनी तबकडीवर ‘सुकियाकी’ छापलं. सुकियाकी म्हणजे सोया सॉस आणि साखर घालून शिजवलेल्या गोमांसाच्या पातळ कापांचा पदार्थ. गाण्याशी त्याचा सुतराम संबंध नाही. साकामोतोची मूळ तबकडीही अमेरिकेत याच नावाने खपली. अमेरिकेशी झालेल्या कराराविरुद्धच्या आंदोलनातलं वैफल्य अशा रीतीने एका खाद्यपदार्थाच्या नावाखाली अमेरिकेतच पहिलं आलं. जपानी भाषेतलं दुसरं गाणं तिथवर आजतागायत पोहोचलेलं नाही.

१२ ऑगस्ट १९८५ रोजी, पितरांच्या ओबोन सणाच्या गर्दीत, टोकियोहून ओसाकाला निघालेलं जपान एअरलाइन्सचं विमान डोंगरावर कोसळलं. ५२० माणसं गेली. त्यांत त्रेचाळीस वर्षांचा साकामोतो होता. २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर सनटोरी कंपनीच्या जाहिरातीत अनेक कलावंतांनी हेच गाणं वाटून घेऊन म्हटलं. साकामोतोच्या जन्मगावी, कावासाकीला, केइक्यू रेल्वेच्या स्थानकात गाडी येताना त्याचीच धून वाजते. फलाटावरचे लोक मोबाइलमधून मान वर न काढता ती ऐकतात.

आंदोलनाचा राग ओसरला, कारखाने भरभराटीला आले, करार पचनी पडला. पण आपण काहीतरी गमावलं होतं, याची कबुली जपानने भाषणांत फारशी दिली नाही. ती या तीन मिनिटांत आहे. ऐकायचं असेल तर सुकियाकी विसरा आणि मूळ नावाने शोधा : ‘उए ओ मुइते आरुको’.