हातभर इंजिन, खरीखुरी वाफ

सोलापूर, प्रतिनिधी

गिरणीच्या भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या सोलापूरला वाफेची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. १८७७ च्या सुमारास सुरू झालेल्या जुन्या मिलने या शहरात कापडाबरोबरच कारागीरही घडवले. लेथवर हात बसलेले टर्नर आणि कानशीच्या दोन घासांत सांधा जुळवणारे फिटर ही या शहराची खरी पुंजी होती. पुढे गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले आणि हे हातांतले ज्ञान वयोवृद्धांच्या आठवणीत जाऊन बसले. हेच ज्ञान जिवंत ठेवणारा एक छंद जगात शतकाहून अधिक काळ जोपासला जात आहे. तो म्हणजे चालती लहान इंजिने घरी तयार करण्याचा छंद.

लंडनमध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ मध्ये ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू केले आणि या छंदाला शिस्त लाभली. आपल्याकडे लहान रेल्वेचे जग पाहायचे, तर पुण्यात १९९८ मध्ये खुले झालेले भाऊ जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय डोळ्यांसमोर येते. तेथील गाड्या प्रामुख्याने विजेवर धावतात. वाफेवर चालणाऱ्या प्रतिकृतीचे काम मात्र निराळे. तिला आपल्या बॉयलरमध्ये पाणी उकळून, आपल्याच पिस्टनने चाक फिरवावे लागते.

बार्शी लाइटचे गणित

या कामातील प्रमाण समजून घेण्यासाठी सोलापूरकरांना दूर जाण्याची गरज नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीकडे धावू लागली. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनीही उमेदीच्या काळात लक्ष्मणराव फाटक यांच्या साथीने या मार्गाच्या एका टप्प्याचे कंत्राट घेतले होते. पुढे ही रेल्वे लातूर, पंढरपूर आणि मिरजेपर्यंत पोहोचली. आता ते मार्ग ब्रॉडगेज झाले असून ती छोटी गाडी इतिहासजमा झाली आहे.

या रेल्वेच्या दोन रुळांमधील अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर होते. त्याचा सहावा हिस्सा १२७ मिलिमीटर, म्हणजे बरोबर पाच इंच. छंदिष्टांच्या जगात पाच इंची रूळ हे सर्वमान्य माप आहे. म्हणजे बार्शी लाइटच्या इंजिनाची एक षष्ठांश प्रतिकृती त्या रुळांवर नेमकी बसते.

वजनाचे काय? लांबी, रुंदी आणि उंची अशी तिन्ही मापे सहापटीने घटल्यामुळे आकारमान २१६ पटीने घटते. या रेल्वेसाठी प्रत्येक आसावर पाच टनांची मर्यादा होती. सहा आसांचे तीस टनी इंजिन धरले, तर प्रतिकृती सुमारे १४० किलोची होईल. असे इंजिन माणसांना मागे बसवून ओढू शकते.

निसर्ग लहान होत नाही

मात्र मूळ इंजिनाची प्रत्येक वस्तू सहाव्या हिश्शाने लहान केली की प्रतिकृती चालू लागते, असे नाही. सिलिंडरमधील जागा २१६ पटीने घटते, पण त्याच्या भिंतींचे क्षेत्रफळ ३६ पटीनेच घटते. परिणामी वाफेला जागेच्या मानाने सहापट अधिक थंड भिंत भेटते आणि तिचे लगेच पाणी होते. मोठ्या इंजिनात ०.१ मिलिमीटरची ढिलाई खपून जाते. प्रतिकृतीत तीच ढिलाई ०.६ मिलिमीटरइतकी भोवते.

पाण्याची पातळी दाखविणाऱ्या काचेच्या नळीचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. नळी फार बारीक केली, तर पाणी केशाकर्षणाने वर चढते किंवा बुडबुड्यामुळे अडकून राहते. नळीत पाणी दिसते, पण बॉयलरमध्ये ते संपत आलेले असते. म्हणून ही नळी प्रमाणापेक्षा मोठीच ठेवावी लागते. कोठे माप पाळायचे आणि कोठे मोडायचे, हे कळणे हेच या छंदातील खरे शिक्षण होय.

सुरुवात कोठून करावी?

नवशिक्याने झुलत्या सिलिंडरच्या इंजिनापासून सुरुवात करावी. त्यात स्वतंत्र झडप नसते. सिलिंडरच मागेपुढे झुलतो आणि त्याच्या पाठीवरील छिद्र आळीपाळीने वाफ येण्याच्या व बाहेर पडण्याच्या मार्गासमोर येते. पितळेचा तुकडा, पोलादी सळई, ड्रिल, कानस आणि थोडा लेथचा वापर एवढ्यावर हे काम होते. ते प्रथम वाफेवर न चालवता पंपाच्या हवेवर चालवून पाहावे. शाळकरी मुलांसाठी रॉबर्ट स्टर्लिंग यांनी १८१६ मध्ये शोधलेले गरम हवेचे इंजिन अधिक सोयीचे. त्याला बॉयलर लागत नाही.

बॉयलरशी खेळ नको

खरा धोका बॉयलरमध्ये आहे. एक लिटर पाण्याची साध्या दाबाला सुमारे १,६०० लिटर वाफ होते. देशाच्या बॉयलरविषयक कायद्याच्या व्याख्येतून २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचे बॉयलर वगळलेले आहेत. याचा अर्थ ते निर्धोक आहेत असा नव्हे. त्यांची तपासणी करण्यास कोणी सरकारी निरीक्षक येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. जबाबदारी सर्वस्वी तयार करणाऱ्याची.

काही पथ्ये म्हणूनच अटळ ठरतात. सहा किलो दाबाची वाफ सुमारे १६५ अंश तापते. रेडिओ दुरुस्तीचे शिसे-कथलाचे डाख १८५ अंशांच्या आसपास वितळते आणि त्याच्या बरेच आधी दुबळे होते. तांब्याच्या बॉयलरचे सांधे ६०० अंशांहून अधिक तापमानाला वितळणाऱ्या चांदीच्या डाखानेच जोडावेत. विस्तव लावण्यापूर्वी बॉयलर काठोकाठ पाण्याने भरून हातपंपाने दुप्पट दाब द्यावा. पाणी दाबाखाली जवळजवळ आकसत नाही. त्यामुळे सांधा फुटला तरी स्फोट न होता केवळ गळती होते. सुरक्षा झडप हवीच, आणि दरवर्षी ही चाचणी पुन्हा घ्यावी.

हे सारे पुस्तकात वाचता येते. पण डाख नेमके केव्हा धरले, हे जाणकाराच्या शेजारी उभे राहूनच कळते. गिरण्यांतून निवृत्त झालेले असे जाणकार आजही शहराच्या अनेक गल्ल्यांत आहेत. अभियांत्रिकी आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांनी त्यांचे दार ठोठावण्यास फार उशीर करू नये.