पन्नाशीत मरणाऱ्या शाळा

प्राचीन स्मारकांचा १९५८चा कायदा शंभर वर्षांखालच्या वास्तूकडे पाहत नाही. दिल्लीच्या वारसा समितीने साठ वर्षांची अट पुढे केली आणि राज रेवाल व महेंद्र राज यांचं १९७२मधलं हॉल ऑफ नेशन्स एप्रिल २०१७मध्ये एका रात्रीत जमीनदोस्त झालं. आधुनिक इमारतींची कोंडी इथेच आहे. ओल आत शिरून सळया गंजतात, फुगतात, काँक्रीट फोडतात, तेही बहुधा पन्नाशीच्या आसपास. कायदा ज्या वयाची वाट पाहतो, तिथवर त्या पोचतच नाहीत.

अहमदाबादच्या आयआयएमचं प्रकरण यासाठी नीट पाहावं. लुई कान यांचा हा विटांचा परिसर, १९७४मध्ये ते गेल्यावर अनंत राजे यांनी पुढे नेला. सोमया अँड कलप्पा यांनी दुरुस्त केलेल्या तिथल्या विक्रम साराभाई ग्रंथालयाला २०१९मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी डिसेंबरात संस्थेने अठरापैकी चौदा वसतिगृहं पाडायचं ठरवलं. जगभरातून विरोध झाला, १ जानेवारी २०२१ला निर्णय मागे घेतला गेला. पण नोव्हेंबर २०२२मध्ये संस्थेने दुरुस्तीचा मार्ग सोडून पुनर्बांधणीची भूमिका घेतली. विटा हलक्या प्रतीच्या, भिंतीतल्या सळया गंजलेल्या, गळती थांबत नाही, ही कारणं खोटी नव्हती. तरी गंज एका रात्रीत चढत नाही. वर्षानुवर्षं दुरुस्ती पुढे ढकलायची आणि शेवटी इमारतीलाच दोषी धरायचं, हे मला मान्य नाही.

एवढ्या नावाजलेल्या वास्तूची ही गत, तर सुरतेच्या डिंडोलीसारख्या वस्तीतल्या पालिका शाळेची बाजू कोण घेणार? लिंबायत, उधना, डिंडोली या पट्ट्यात जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेल्या खान्देशी कुटुंबांची पोरं मराठी माध्यमात शिकत आली आहेत. अशा शाळांना वारसा म्हणणं अतिशयोक्तीचं आहे, असा आक्षेप येईल. मला तो पटत नाही. लांब व्हरांडा, खोल छज्जा, समोरासमोरच्या खिडक्या, मधलं अंगण ही सुरतेच्या दमट उकाड्याला दिलेली विचारपूर्वक उत्तरं आहेत. परगावी आलेल्या समाजाला आपल्या भाषेत हक्काने पाय ठेवता येईल अशा सार्वजनिक जागा तरी किती असतात!

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो गंभीर आहे. २४ मे २०१९ला सुरतेतच सरथाणाच्या तक्षशिला संकुलातल्या आगीत बावीस विद्यार्थी गेले. धोकादायक छताखाली एकही मूल बसता कामा नये. पण छत धोकादायक आहे हे ठरवायला जी माहिती लागते, तीच इमारत वाचवायलाही लागते. मूळ नकाशे, सळयांची मांडणी, स्ट्रक्चरल ऑडिटचे अहवाल, गच्चीचं वॉटरप्रूफिंग कधी झालं याची नोंद. हे सारं शाळेच्याच कपाटात असावं, पालकांना पाहता यावं, आणि पाडण्याच्या प्रस्तावासोबत दुरुस्तीचं अंदाजपत्रक जोडणं सक्तीचं असावं. पट वाढला म्हणून खोल्या कमी पडत असतील, तर त्या शेजारी बांधता येतात. नकाशे-नोंदींची ही फाईल इमारत नवी असतानाच सुरू व्हायला हवी, कारण ठेकेदार आणि अभियंते त्याच वेळी हाताशी असतात.