विश्लेषण : डेटाची राखण करणारे तज्ज्ञ कोण निवडतो?

उलव्यात अनेक सोसायट्यांच्या गेटवर पाहुण्याकडून मोबाइल नंबर घेतात, कधी फोटोही. तो नंबर पुढे कुठे जातो? उद्या याची दाद डेटा संरक्षण मंडळाकडे मागता येईल. पण मंडळावर बसणार कोण?

2017 मध्ये केंद्राने न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्यासह 10 जणांची समिती नेमली. नावे सरकारनेच ठरवली; सामान्यांच्या वाट्याला फक्त हरकती-सूचना आल्या. तिचा अहवाल जुलै 2018 मध्ये आला, कायदा मात्र 2023 मध्ये.

या कायद्यानुसार सदस्याला डेटा प्रशासन, ग्राहक संरक्षण, तंटा निवारण, कायदा किंवा माहिती तंत्रज्ञानाचे विशेष ज्ञान वा अनुभव हवा. किमान एक जण कायदेतज्ज्ञ. मुदत दोन वर्षे. नोव्हेंबर 2025 च्या नियमांनुसार नावे सुचवणाऱ्या समितीत सचिव दर्जाचे अधिकारी आणि बाहेरचे दोन तज्ज्ञ असतात. अंतिम नेमणूक केंद्राची. खरी अडचण इथेच आहे. आपली माहिती सर्वाधिक सरकारकडेच असते, आणि त्याच्यावरही लक्ष ठेवणाऱ्यांना तेच नेमणार!

दंड 250 कोटी रुपयांपर्यंत आहे. पण बहुतेक तरतुदी मे 2027 पासून लागू होतील. तेव्हाही तक्रार आधी माहिती घेणाऱ्याकडेच करायची, मग मंडळाकडे.