नाकाबंदीची रात्र

पुण्याच्या मंडईला आज ज्यांचे नाव आहे, त्या महात्मा फुल्यांनीच ती बांधण्याच्या खर्चास नगरपालिकेत विरोध केला होता, ही गोष्ट बऱ्याच पुणेकरांच्या ऐकिवात असते. परंतु त्याच जोतीरावांनी नगरपालिकेचे सभासद असताना, १८८० साली, शहरातील दारूच्या दुकानांस हरकत घेणारे पत्र धाडले होते, हे मात्र भाजीची पिशवी सावरीत बाहेर पडणाऱ्यांपैकी थोड्यांनाच माहीत असेल. ही इमारत १८८६ साली खुली झाली, तेव्हा मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरावरून तिचे नाव रे मार्केट असे होते. तिच्यालगत ज्या लोकमान्यांचा पुतळा उभा आहे, आणि ज्या पुतळ्यापासून अनंत चतुर्दशीची मिरवणूक निघण्याचा प्रघात आहे, त्या टिळकांनीही १९०८ साली, राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा होऊन मंडालेस रवाना होण्यापूर्वी काही महिने, पुण्यात मद्यपाननिषेधाची चळवळ उभारून स्वयंसेवकांस गुत्त्यांसमोर उभे केले होते. जोतीराव आणि टिळक यांचे फार थोड्या बाबतींत जमले असते. दारूच्या दुकानाविषयी मात्र दोघेही एकाच बाजूस होते, आणि एकाच चौकात दोघांची स्मृती नांदावी हा योग मोठा अर्थपूर्ण आहे.

त्या दोघांच्या डोळ्यांसमोर जी हानी होती ती पिणाऱ्याच्या घरातली होती: बुडालेली मजुरी, उपाशी मुले, सावकाराचा तगादा. दारू पिऊन माणूस पायी घरी जाई, फार तर गटाराच्या कडेला पडे. आज तोच माणूस घरी जाताना शंभर घोड्यांच्या ताकदीचे यंत्र बरोबर नेतो, आणि त्यामुळे प्रश्नाचे स्वरूपच पालटले आहे. दारू पिणे हे पाप आहे की नाही याचा निवाडा ज्याने त्याने आपल्या देवघरात करावा; पिऊन चक्र हाती धरणे हा मात्र रस्त्यावरच्या परक्या माणसाशी केलेला व्यवहार आहे, आणि त्या व्यवहारास त्या परक्याची संमती कोणीही घेतलेली नसते. नाकाबंदीचा विचार या भूमिकेवरून केला पाहिजे. पोलीस आणि वाहनचालक हे दोघेही तो बहुधा पहिल्या, म्हणजे नीतीच्या, भूमिकेवरून करतात, आणि त्यातूनच ओशाळलेपणा, मिनतवारी, ‘साहेब, एकच बियर घेतली’, ‘पुढच्याच चौकात घर आहे’ ही सारी परिचित संवादमाला जन्म घेते.

सरकारची भूमिका तर याहूनही गुंतागुंतीची. आपल्या राज्यातील मद्यविक्री आजही ज्या कायद्याखाली चालते तो मूळचा १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम होय. म्हणजे दारू विकण्याचे परवाने दारूबंदीच्या कायद्याने मिळतात, आणि पिणाऱ्याजवळही कागदोपत्री परमिट असावे लागते. नाताळ आणि ३१ डिसेंबर जवळ आले की, अलीकडच्या वर्षांत, दुकानांची आणि परमिट रूमची वेळ वाढविणारा हुकूम निघतो. परमिट रूमना पहाटे ५ वाजेपर्यंत मुभा मिळते. त्याच रात्री फर्ग्युसन रस्ता आणि लष्कर भागातील महात्मा गांधी रस्ता वाहनांस बंद होतो, आणि चौकाचौकांत लोखंडी अडथळे उभे राहतात. एका हाताने पेला भरावयाचा आणि दुसऱ्या हाताने तो हुंगावयाचा, असा हा राज्यकारभार आहे. यात दांभिकपणा नाही असे म्हणवत नाही. परंतु महसूल आणि बंदोबस्त ही दोन खाती एकमेकांशी बोलत नाहीत, एवढेच त्याचे खरे कारण असावे.

गणेशोत्सवात चित्र निराळे असते. चतुर्थीस आणि अनंत चतुर्दशीस मद्यविक्री बंद असते, मंडईच्या दोन्ही अंगांचे बाजीराव आणि शिवाजी हे रस्ते वाहनांस बंद करून सारे शहर पायी चालू लागते, आणि शारदा-गजाननाच्या दर्शनास आलेल्या त्या प्रचंड गर्दीत एखादा झिंगलेला इसम आढळलाच, तर तो फार करून स्वतःची अब्रू घालवितो. वर्षअखेरीची रात्र, धुळवडीची दुपार आणि श्रावणापूर्वीची गटारी यांना हे संरक्षण नाही. त्या दिवशी शहर दुचाकीवर असते. देशात रस्ते अपघातांत मरणाऱ्यांमध्ये दुचाकीस्वारांचा वाटा सर्वांत मोठा आणि त्यांच्याखालोखाल पादचाऱ्यांचा असतो, हे ध्यानी घेतले म्हणजे पुण्यासारख्या दुचाकींच्या गावास या रात्री किती जड जाव्यात हे निराळे सांगावयास नको.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम १८५ असे सांगते की, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क श्वासतपासणीत आढळला तर तो गुन्हा होय. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, आणि पुन्हा तेच केले तर दोन वर्षांपर्यंत कैद, १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दंडाचे हे आकडे २०१९ च्या दुरुस्तीचे आहेत. पूर्वी पहिल्या गुन्ह्यास २,००० रुपयांत भागे. शिरस्त्राण नसल्याबद्दल जशी जागच्या जागी पावती फाडून मोकळे होता येते तशी सोय येथे नाही. हा गुन्हा तडजोडीचा नसून प्रकरण न्यायालयातच जाते. जो शिपाई ‘इथेच मिटवू’ म्हणतो तो कायदा मोडतो, आणि जो चालक ते ऐकून खिशात हात घालतो तोही मोडतो. इंग्लंडची मर्यादा ८० मिलिग्रॅमची आहे, स्वीडन आणि नॉर्वे यांची २० ची. आपली ३० ची मर्यादा, म्हणजे, कागदावर बरीच कडक आहे.

ही तपासणी होते कशी? फुफ्फुसांत खोलवर गेलेल्या हवेला रक्तातील मद्यार्काची वाफ मिळते, आणि तिचे रक्ताशी असलेले प्रमाण बरेचसे ठरलेले असते: साधारणतः २,१०० मिलिलिटर श्वासात जेवढा मद्यार्क, तेवढाच १ मिलिलिटर रक्तात, असे मानून यंत्र हिशेब करते. हातात धरावयाच्या आजच्या यंत्रांत बहुधा प्लॅटिनमचा एक पत्रा असतो. त्यावर मद्यार्काचे ज्वलन होऊन अल्पसा विद्युत्प्रवाह निर्माण होतो, आणि प्रवाह जितका अधिक तितका आकडा मोठा. म्हणूनच वेलदोडा, बडीशेप किंवा कच्चा कांदा चघळून येणाऱ्यांची धडपड व्यर्थ असते. ते शिपायाचे नाक फसवू शकतील, पण यंत्र वास मोजीतच नाही. उलट नुकताच घोट घेतला असेल किंवा मद्यार्कमिश्रित औषधाने चूळ भरली असेल, तर तोंडातील अंशामुळे आकडा खोटा फुगू शकतो. तेव्हा काही मिनिटे थांबून दुसऱ्यांदा फुंकू देण्याची विनंती करणे गैर नाही. नळी प्रत्येकास नवी असावी, हा आग्रहही धरावा. २०२० च्या साथीत ही तपासणी थांबवावी लागली होती, ती याच श्वासामुळे.

‘एक पेग’ म्हणजे किती, हा प्रश्न आपल्याकडे कोणी नीट विचारीत नाही. विलायती पद्धतीच्या देशी मद्यात घनफळाने साधारण ४२.८ टक्के मद्यार्क असतो. ६० मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगात तो सुमारे २० ग्रॅम भरतो, आणि ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात त्यामुळे १०० मिलिलिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आसपास प्रमाण होते. म्हणजे एका मोठ्या पेगातच तो मर्यादेबाहेर जातो. हलक्या अंगाच्या स्त्रीस तर ३० मिलिलिटरचा लहान पेगही तेथवर नेऊ शकतो. पोटात अन्न असेल तर चढण थोडी मंदावते, एवढेच. यकृत हे आपल्या चालीने काम करणारे इंद्रिय आहे. तासाला १५ मिलिग्रॅमच्या सुमारास ते प्रमाण उतरविते, आणि लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही ते घाई करीत नाही. रात्री २ वाजता ज्याच्या रक्तात १५० मिलिग्रॅम होते तो सकाळी ८ वाजता, झोप काढून, दाढी करून, आपण अगदी ताळ्यावर आहो अशा समजुतीने गाडी बाहेर काढतो, तेव्हाही त्याच्या रक्तात ६० च्या आसपास, म्हणजे कायदेशीर मर्यादेच्या दुप्पट, मद्यार्क असतो. नाकाबंदी मात्र तोवर उठलेली असते.

चौकात थांबविलेल्या माणसाचे हक्कही कायद्याने लिहून ठेवले आहेत. श्वासतपासणीची मागणी करावयास कलम २०३ प्रमाणे पोलीस अधिकाऱ्यास संशयाचे सयुक्तिक कारण लागते. गणवेशातील अंमलदार वॉरंटाशिवाय अटक करू शकतो हे खरे. पण या गुन्ह्याखाली अटक केलेल्याची वैद्यकीय तपासणी दोन तासांच्या आत झाली नाही तर त्यास मोकळे करावे लागते. उत्तर पेशवाईत रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यावर सापडलेल्यास कोतवालाचे शिपाई सकाळपर्यंत अडकवून ठेवीत, तो जमाना गेला. तपासणीस नकार देणे मात्र शहाणपणाचे नव्हे, कारण तो नकारच पुढे पुराव्याच्या बाजूस पडू शकतो.

पुराव्याची ही कथा मोठी बोधप्रद आहे. १९७१ साली महाराष्ट्रातीलच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, तोंडास दारूचा वास, डळमळीत चाल, असंबद्ध बोलणे आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून मद्यपान निश्चितपणे सिद्ध होत नाही. रक्ताचा अहवाल हवा. त्यानंतर अर्धशतकाने पुण्यात अहवालच संशयास्पद झाला. १९ मे २०२४ च्या मध्यरात्रीनंतर कल्याणीनगरात एका अल्पवयीन मुलाने चालविलेल्या पोर्श मोटारीने मोटारसायकलवरील दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. बाल न्याय मंडळाने अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालून त्यास जामीन दिला, तेव्हा देशभर क्षोभ उसळला. आणि पुढे, ससून रुग्णालयात त्याच्या रक्ताचा नमुना बदलून दुसऱ्याचे रक्त ठेवल्याच्या आरोपाखाली डॉक्टरांना अटक झाली. निबंधाची चेष्टा पुष्कळ झाली, आणि ती रास्तच होती. परंतु माझ्या मते अधिक भयंकर गोष्ट त्या नमुन्याची आहे. रस्त्यावरचा साधा स्कूटरवाला शिपायासमोर फुंकतो आणि आकड्यास बांधला जातो. ज्याच्या घरी पैसा आहे त्याच्या बाबतीत रक्तही फितूर होऊ शकते असा समज एकदा पसरला, की चौकातील यंत्रावरचा विश्वास उडतो, आणि विश्वास उडालेला कायदा केवळ गरिबाच्या खिशास हात घालणारा ठरतो. अल्पवयीनाच्या हाती वाहन देणाऱ्या पालकास किंवा मालकास कलम १९९-अ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, हे त्या वेळी अनेकांना प्रथमच समजले.

सणासुदीच्या नाकाबंदीविषयी माझी खरी तक्रार अशी की, ती सणासुदीचीच असते. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स या प्रांताने १७ डिसेंबर १९८२ रोजी, नाताळाच्या तोंडावरच, कोणासही संशयाविना थांबवून फुंकावयास लावण्याची पद्धत सुरू केली. परंतु नाताळ संपल्यावर ती गुंडाळली नाही, वर्षभर, गल्लीबोळांतून, दिवसाउजेडीही चालविली, आणि रस्त्यांवरील मृत्यू लक्षणीय घटले. शिक्षेच्या कठोरतेपेक्षा पकडले जाण्याची खात्री माणसास अधिक धाक घालते. आपल्याकडे ३१ डिसेंबरला शहाणा माणूस रिक्षाने जातो, आणि फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी, मित्राच्या घरून उठताना, निःशंकपणे किल्ली फिरवितो, कारण त्या दिवशी चौक मोकळा असणार हे त्यास पक्के ठाऊक असते.

दुसरी मागणी पोलिसांकडे नसून मंत्रालयाकडे आणि महापालिकेकडे आहे. मंडईच्या पोटात आता मेट्रोचे स्थानक झाले आहे; काही मार्गांवर पीएमपीची रातराणी बस धावते. परमिट रूम पहाटे ५ पर्यंत उघडी ठेवण्याचा हुकूम ज्या दिवशी निघतो, त्याच दिवशी, त्याच कागदावर, मेट्रो आणि बसही त्या रात्री ५ पर्यंत चालतील असे लिहावे. आणि तेवढी ऐपत नसेल, तर परमिट रूमची वेळही मेट्रोच्या शेवटच्या गाडीपाशी थांबवावी.