स्कॅन नॉर्मल आहे, पण डोकं अजून ठणकतंय

२०२५ च्या दहीहंडीला, १६ ऑगस्टला, ठाण्यात कोकण नगर पथकाने दहा थर लावले. त्याच दिवशी मुंबईत दोनशेहून अधिक गोविंदा जखमी झाले. त्यातल्या बहुतेकांना 'उपचार करून घरी सोडलं' आणि बातमी तिथेच संपली. चिंचपोकळी-लालबागच्या चाळींत ती तिथे संपत नाही. हाड शाबूत, स्कॅन नॉर्मल, तरी पोराचं डोकं ठणकतं, उजेड सोसत नाही, झोप बिघडते, बोलताबोलता विसरायला होतं. घरचे म्हणतात, मुका मार आहे, जाईल.

सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, कवटीची मोड दिसते. हादरलेल्या मेंदूचं बिघडलेलं काम दिसत नाही. हेल्मेटनेही आतला हादरा थांबत नाही.

अशा वेळी अंधाऱ्या खोलीत पडून राहायचा सल्ला वर्षानुवर्षं दिला गेला. अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठाचे डॉ. जॉन लेडी यांनी तो मोडीत काढला, आणि माझ्या मते हे काम प्रत्येक पथकाच्या प्रशिक्षकाला ठाऊक हवं. ते रुग्णाला ट्रेडमिलवर चालवतात, चढ हळूहळू वाढवतात आणि त्रास वाढू लागतो तेव्हाचे हृदयाचे ठोके टिपतात. मग रोजचा व्यायाम त्या मर्यादेच्या आत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात १३ ते १८ वयाची १०३ मुलं होती. असा व्यायाम करणारी साधारण १३ दिवसांत सावरली, नुसते स्ट्रेचिंगचे व्यायाम करणारी १७ दिवसांत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेलं या दुखापतीवरच्या ॲमस्टरडॅमच्या तज्ज्ञ परिषदेचं निवेदनही हेच सांगतं: पहिले एक-दोन दिवस बेताची विश्रांती, मोबाइल कमी, मग चालायला लागा.

ट्रेडमिल नसला तरी सकाळी रस्ते शांत असताना चालता येतं. डोकेदुखी थोडी वाढली तर चालेल, फार वाढली तर थांबावं. चक्कर राहिली तर मान आणि तोल यांची फिजिओथेरपी लागते. महिना उलटूनही त्रास असेल तर मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावं. वारंवार उलट्या, झटके, वाढती गुंगी, हातापायातली शक्ती जाणं यांपैकी काहीही दिसलं तर तडक केईएम रुग्णालय गाठा.

आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये २०१९ पासून डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू मिळतो. आपल्याकडे पडलेला गोविंदा पुढच्या नाक्यावर पुन्हा थरात उभा राहतो. दहीहंडीनंतर काही दिवसांतच गणपती येतात. पथकांनी आणि मंडळांनी एवढं करावं: डोकं आपटलेल्या पोराला ढोल-ताशाजवळ उभं करू नये, मूर्ती उचलायला लावू नये आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत थरावर चढवू नये.